विषय टाकीचा, राग नावाचा

संपादक महोदय,

सप्टेंबर म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा महिना. ३० तारखेच्या आत उरकायची असते. माणसातला अहंकार पाहायचा तर या सभेसारखी जागा नाही, असं खजिनदार म्हणून हिशेबाची वही घेऊन कोपऱ्यात बसता बसता माझं मत झालं आहे.

यंदा आमच्याकडे विषय होता गच्चीवरच्या टाकीच्या गळतीचा. टाकीखालच्या फ्लॅटमध्ये छताचे पोपडे जेवणाच्या टेबलावर पडताहेत. वॉटरप्रूफिंगची कोटेशनं मांडली, तसे एक काका उठले. दराबद्दल बोलतील असं वाटलं. तर म्हणाले, "कोटेशन मागवण्याआधी मला का विचारलं नाही? ही टाकी माझ्या काळात बांधली." पाऊण तास त्यातच गेला. गंमत म्हणजे सर्वांत कमी दराचा कंत्राटदार पूर्वी त्यांनीच आणलेला! ते लक्षात आणून दिल्यावर अधिकच बिनसलं.

सभेआधीची तऱ्हा तर याहून वरची. मागच्या इतिवृत्तात नाव राहिलं म्हणून रुसलेले तीन-चार जण हजेरीपटावर सही न करता खाली वॉचमनपाशी उभे. कारण, गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरू नये. दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यांतली कमी असेल ती संख्या भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला मग गणसंख्येची अट उरत नाही, हे त्यांना तोंडपाठ. म्हणजे अडणार काहीच नाही. वरच्यांनी आपली वाट पाहिली, एवढं बास.

हा अहंकार निदान उघड तरी असतो. मला धास्ती आहे ती "पद नको, मान नको" म्हणत सगळं अंगावर घेणाऱ्यांची. पंपाच्या खोलीची एकुलती किल्ली त्यांच्या कपाटात. ते गावाला गेले की नळ कोरडे. परतल्यावर "बघा, मी नसलो की काय होतं!" आणि चेहऱ्यावर न लपणारं समाधान. दुसरी किल्ली करून घेऊ म्हटलं, तर "माझ्यावर विश्वास नाही का?"

अहंकार ओळखायला मी एवढंच पाहते, की तीच सूचना दुसऱ्या कोणाच्या तोंडून आली तर हा माणूस काय म्हणेल. त्यावरून एक सुचलं आणि समितीनेही ते उचललं: पुढच्या सभेत कोटेशन कोणी आणलं हे न सांगता फळ्यावर फक्त दर आणि हमीची वर्षं लिहायची. इतर सोसायट्यांनीही करून पाहावं.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लगेच विचारणा झाली, "ही कल्पना नक्की कोणाची?"

– एक सभासद, डोंबिवली (पूर्व)