अडीच एकराला पन्नास एचपी कशाला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला ते चांगलंच झालं, पण तेव्हापासून आमच्याकडं अडीच-तीन एकरवाला पण शोरूमला जाऊन डायरेक्ट ४५-५० एचपीचंच बघतोय. पाव्हण्यानं घेतला म्हणून आपण पण घ्यायचा, आणि मग वर्षभर हत्ती पोसत बसायचं.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात सलग जमीन आहे कुणाची सांगा बघू? वीस गुंठे इकडं, पंधरा गुंठे बळ्ळारी नाल्याकडं, मधी दुसऱ्याचा बांध. तसल्या तुकड्यात मोठा ट्रॅक्टर घातला की वळतानाच बांध ढासळतो, चारी कोपरे तसेच राहतात, ते मग घरच्या बायका कुदळीनं खणत बसतात. त्यात आपली काळी जमीन, चिखलणीला दोन टनाचं धूड आत गेलं आणि एक्सलपर्यंत रुतलं की ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवा. आणि ओल्यात जमीन दाबली जाते ती वेगळीच, भातानंतर मसूर-वाटाणा टाकायचा असतो तेव्हा ढेकळं फुटत नाहीत.

मी म्हणतो एवढ्या जमिनीला २० ते २५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्हचा मिनी ट्रॅक्टर भरपूर झाला. फक्त घेताना इंजिनचा एचपी ऐकून खूश होऊ नका, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, किती मिळतो ते विचारा, कारण माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर त्याच्यावर फिरतो आणि तिथं साधारण पंधरा टक्के तरी कमीच येतो. २४ चा असेल तर २० धरा, त्याला साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर बास. रोटाव्हेटर मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरपर्यंत पोचतोय का ते टेप लावून मोजा, नाहीतर चाकाची दाबलेली पट्टी तशीच मागं राहते. ऊसवाल्यांनी तर आधी आपल्या सरीचं अंतर मोजावं. साडेचार फुटी सरीत अरुंद मिनी जातो, तीन फुटीत कसला घालताय.

आता मिनीनं सगळं होत नाही हे पण खरं. उन्हाळ्यात खोल पलटी नांगर मारायचा तर मोठाच ट्रॅक्टर लागतो, पण ते काम वर्षातनं एकदाच, तेवढ्याला भाड्यानं बोलवा की, कर्नाटक सरकारच्या कृषी यंत्रधारे केंद्रातनं पण भाड्यानं अवजारं मिळतात. चिकोडी-अथणीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्याला ओढणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याचा धंदा आहे, त्यानं पन्नासचा घ्यावा.

डीलर लोकांना पण एक विनंती, डेमो शोरूमपुढच्या डांबरावर नको, गिऱ्हाइकाच्या शेतात द्या, तो पण पाऊस पडून गेल्यावर. आणि साहेब, तुमच्या पेपरात ट्रॅक्टरच्या पानभर जाहिराती येतात त्याच्या शेजारी कुठल्या मातीला केवढा ट्रॅक्टर लागतो याची माहिती पण हंगामाच्या आधी छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक, येळ्ळूर, ता. बेळगाव