काका, ग्राउंड झालं, थँक्यू!

काका, पर्सनल मेसेज केला तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे होणार, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

धायरीतल्या आपल्या त्या मोकळ्या प्लॉटवर प्रत्येकाला आपापला खेळ हवा होता. बास्केटबॉलवाले, बॅडमिंटनवाले, कबड्डीची पोरं, खो-खोच्या पोरी, शिवाय ज्येष्ठांचा वॉकिंग ट्रॅक, तोही बाकड्यांसकट. मीटिंगला नुसती भांडणं. तुम्ही वाद न घालता टेप आणि फक्कीची पिशवी घेऊन आलात आणि खरी मापं जमिनीवर आखलीत, बास्केटबॉल 28 बाय 15 मीटर, खो-खो 27 बाय 16, कबड्डी 13 बाय 10, भोवतीची मोकळी जागा वेगळी, आणि मग सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं की हे मावत नाहीये. तोडही तुम्हीच काढलीत. खो-खो, कबड्डी मातीतले खेळ, काँक्रीटवर गुडघे फुटतील, म्हणून त्यांना मिळून एक मैदान, आणि बास्केटबॉलच्या कोर्टातच दुसऱ्या रंगाच्या रेघा मारून बॅडमिंटन. ट्रॅक कडेकडेनं. भांडण तिथंच मिटलं (बाकड्यांचं सोडून, ते अजून चालूये).

पण खरं थँक्यू जमिनीखालच्या कामाचं. आम्ही रंग निळा की हिरवा करत बसलेलो आणि तुम्ही विचारलंत, खाली काळी माती आहे, तिचं काय? पावसात फुगणार, उन्हाळ्यात आकसून भेगा पडणार, वरचं कोर्ट तडकणारच. ती उकरून काढायला लावलीत, मुरूम थराथरानं भरून, पाणी मारून रोलर फिरवून घेतलात, काँक्रीटच्या आधी लाइटच्या वायरींचे पाइप टाकून घेतलेत, आणि उतार एकाच बाजूला, मीटरला एक सेंटिमीटर. कॉन्ट्रॅक्टर म्हणे लेव्हलच ठेवा, पाणी काय उडून जातं. पुण्याच्या जुलैत!

कोर्ट उत्तर-दक्षिण का, हे तर मला संध्याकाळी खेळायला लागल्यावर कळलं, ऊन डोळ्यांत येतच नाही.

आणि लाइटचे खांब उभे करायच्या आधी समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन झोत कुठं पडणार, किती वाजता बंद होणार हे तुम्ही बोलून आलात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तक्रार गेली असती. झाडलोट कोण करणार, वर्गणी किती, हे पण तुम्ही उद्घाटनाआधी वहीत लिहून घेतलंत, तेव्हा कटकट वाटलेली खरं.

गेटची एक किल्ली तुमच्यासाठी काढलीये. काकूंकडे दिलीये, तुम्ही हरवाल म्हणून.