पाण्यावरचे तास मोजा

महोदय,
सीप्लेनची चर्चा निघाली की आपल्याकडे भाडं किती आणि धक्का कुठे, एवढंच बोललं जातं. छोट्या उभयचर, म्हणजे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या, विमानांचा खरा धोका वेगळाच आहे. बेसबॉलपटू रॉय हॅलडे ७ नोव्हेंबर २०१७ रोजी फ्लोरिडाजवळ मेक्सिकोच्या आखातात स्वतःचं ‘आयकॉन ए-५’ चालवताना मृत्युमुखी पडला. गरगरत कोसळू नये अशी या विमानाची खास रचना. तरीही पाण्याला जवळजवळ घासत कसरती, मग नाक उंचावून झेप, आणि सावरायला खाली उंचीच उरली नाही. अमली द्रव्यांच्या अमलाखाली घेतलेला चुकीचा निर्णय, असं अमेरिकी तपासाने म्हटलं. पण दोष फक्त नशेचा नसतो. अनेक उभयचर विमानांचं इंजिन पंखांच्या वर असतं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) झटकन पुढे ढकलला की नाक वर जाण्याऐवजी खाली झुकतं. जमिनीवरच्या विमानांत मुरलेला हात नेमका इथे फसतो. आरशासारखं शांत पाणी तर उंचीचा अंदाजच येऊ देत नाही (थोड्या लाटा बऱ्या म्हणायची पाळी!). आपल्याकडे परवाने देताना वैमानिकाचे उड्डाणाचे एकूण तास नकोत, त्याच विमानावरचे आणि पाण्यावरचे तास मोजावेत.

– एक वाचक, रत्नागिरी