ॲरिझोनातल्या कोफाच्या डोंगरात मला पाठीवर नेणाऱ्या शाकाहारी मित्राला

अरे मित्रा,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तू विषय बदलतोस, "गाडीत गॅस किती आहे" असलं काहीतरी विचारतोस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, कारण तुझ्या घरच्या ग्रुपवर अजून कुणालाच माहीत नाही की तू बिगहॉर्नच्या शिकारीला गेला होतास आणि पाठीवर मटण घेऊन डोंगर उतरलास. केकमध्ये अंडं आहे का हे दोनदा विचारणारा माणूस तू!

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. ॲरिझोनात डेझर्ट बिगहॉर्नचा, म्हणजे वाळवंटातल्या रानमेंढ्याचा टॅग (एक मेंढा मारायचा परवाना) सहजासहजी मिळत नाही, लॉटरी असते, दरवर्षी अर्ज करायचा, नाही लागला की पुढच्या वेळची संधी वाढवणारा एक बोनस पॉइंट, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला की एक कायमचा पॉइंट, सलग पाच वर्षं अर्ज केला की लॉयल्टीचा अजून एक. आणि त्या जातीचा एक मेंढा मारला की संपलं, आयुष्यात परत नाही. मी बारा वर्षं अर्ज करत होतो आणि तरी मी नशीबवान, इथे लोक केस पांढरे होईपर्यंत थांबतात. त्या बारा वर्षांच्या मध्येच माझा ॲक्सिडेंट झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तरी मी अर्ज भरत राहिलो, खरं सांगायचं तर सवयीने, लाइटबिल भरतो तसा. टॅग लागल्याचं कळलं तेव्हा पहिले दहा सेकंद आनंद झाला आणि मग खुर्चीकडे बघितलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एक मेंढरू मारायला बारा वर्षं लायनीत? आपल्या माण तालुक्यात बाजारात जा की." (तिला मेंढरांचं सांगायची सोय नाही, तिचं सगळं आयुष्य धनगरांच्या शेजारी गेलंय.)

एका गाइडला फोन केला. तो छान बोलत होता, व्हीलचेअर म्हटल्यावर "मी तुम्हाला कॉल बॅक करतो" म्हणाला, त्या कॉलची मी अजून वाट बघतोय. दुसरा म्हणाला की तुम्ही गाडीत बसा, आम्ही मेंढा शोधतो, जागेवर नेतो, तुम्ही फक्त ट्रिगर ओढा. वाईट माणूस नव्हता तो पण ते ऐकून मला लग्नात हार घालायला बसवलेल्या आजोबांसारखं वाटलं. मी टॅग परत करायचा ठरवला होता, आणि हे मी तुझ्या गॅरेजमध्ये बसून सांगत होतो, तू सायकलची चेन पुसत होतास. तू मान वर न करता विचारलंस, "किती दिवस लागतात याला?" मी म्हटलं, आठवडा धर. तू म्हणालास, "मला हे मारणं-बिरणं अजिबात पटत नाही. पण डिसेंबरमध्ये माझी सुट्टी उरलीय."

तुझ्या बायकोला तू काय सांगितलंस ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग तू अभ्यासाला लागलास, तो वेगळाच प्रकार. कोफा म्हणजे किंग ऑफ ॲरिझोना नावाच्या जुन्या सोन्याच्या खाणीचं शॉर्टकट नाव, हे मला तू सांगितलंस. १९३६ मध्ये बॉय स्काउटच्या पोरांनी या मेंढ्यांसाठी मोहीम उघडली आणि त्यातून १९३९ ला कोफाचं अभयारण्य झालं, हेही तूच. आणि वर म्हणालास, "पोरांनी वाचवले आणि तुम्ही मारताय, वा." मी म्हटलं, बाबा, नर मोजून मारतात, टॅग थोडेच असतात. तू म्हणालास, तेही वाचलंय, २००० साली तिथे आठशेच्या आसपास मेंढ्या होत्या आणि २००६ ला चारशेच्या खाली आल्या तेव्हा इथले मेंढे पकडून दुसरीकडे सोडणं थांबवलं होतं, तुला माहीत होतं का? मला नव्हतं माहीत. बारा वर्षं अर्ज करणारा मी.

सगळ्यात मोठं काम तू त्या नियमात केलंस. कोफाचा बराच भाग वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने जसंच्या तसं राखलेलं रान आहे, तिथे चाक असलेलं काहीही न्यायला बंदी, साधी सायकलसुद्धा नाही, आणि मी धरूनच चाललो होतो की आपण रस्त्यावरून हलायचं नाही. तू १९९० चा अपंगांचा कायदा काढलास, त्यात लिहिलंय की व्हीलचेअर वाइल्डरनेसमध्ये चालते, फक्त ती घरात वापरता येईल अशी साधी खुर्ची पाहिजे, रणगाडा नको. मग पुढे लावायचं ते मोठं तिसरं चाक आपण आणलं आणि तुझ्या गल्लीत खडी टाकून प्रॅक्टिस केली, शेजारचे बघत होते. गेम अँड फिश, म्हणजे इथल्या शिकार-मासेमारी खात्याचं चॅम्प परमिट, ज्यात अपंग शिकाऱ्याला उभ्या, इंजिन बंद केलेल्या गाडीतून नेम धरता येतो आणि मदतनीस ठेवता येतो, त्याचा डॉक्टरच्या सहीचा फॉर्मही तूच माझ्या मागे लागून भरून घेतलास.

क्वार्टझसाइटवरून ९५ नंबरने खाली आलो, डावीकडे ते काळे-तांबडे कडे दिसले आणि तू एकदम गप्प झालास. मग म्हणालास, "हे तर आपलं हरिश्चंद्रगडाच्या मागचं." तसं नाहीये रे, तिथे निवडुंगाचे सग्वारो उभे नसतात, पण मला कळलं. मग ती पाटी आली, की दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याचं ट्रेनिंग व्हायचं, न फुटलेले गोळे दिसले तर हात लावू नका, आणि तू माझ्या चाकांकडे बघितलंस.

चोयाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा एक काटेरी प्रकार आहे, लांबून टेडी बेअरसारखा गुबगुबीत दिसतो आणि जवळून गेलं की त्याचा गोळाच तुटून अंगाला चिकटतो. माझ्या पायाला चिकटला तर मला कळतही नाही, हा खरा घोळ. तू पहिल्याच दिवशी खिशातून कंगवा काढलास, तो गोळ्याखाली घालून झटका दिला की गोळा उडतो, आणि मग रोज संध्याकाळी टेंटमध्ये टॉर्च लावून माझे पाय, मोजे, चाकं सगळं तपासायचास, आजी उवा बघायची तशी. सकाळी थंडी असायची, पायाला थंडी वाजते की नाही हे मला सांगता येत नाही, म्हणून तू हाताने बोटं चाचपून बघायचास. आणि तो अलार्म! दर अर्ध्या तासाने तुझ्या मनगटावर घड्याळ थरथरायचं आणि तू फक्त बोट वर करायचास, मग मी हातांवर शरीर उचलून जागा बदलायचो, म्हणजे बेडसोर होऊ नये. ते दोन म्हातारे स्वयंसेवक, जे आपल्याबरोबर दुर्बिणी घेऊन बसायचे, त्यांना शेवटपर्यंत वाटलं की ही आपली काहीतरी पूजा आहे.

पहिले दोन दिवस दगड बघितले. ट्रायपॉडवर पंधरा पॉवरची दुर्बीण लावून एकेक कडा चाळायचा, मेंढा दिसत नाही, त्याचा मागचा पांढरा ढुंगणाचा ठिपका दिसतो, तोही हलला तर. तिसऱ्या दिवशी मोठा नर दिसला. पाचशे यार्डाच्या पुढे. म्हातारे म्हणाले होऊन जाईल, वारा नाहीये. मी रायफल लावली, सगळे गप्प. आणि तू माझ्या कानाशी येऊन मराठीत विचारलंस, "तुला जमेल असं वाटतंय, की आम्ही तीन दिवस ढकललं म्हणून म्हणतोयस?"

हे पत्र मुळात या एका वाक्यासाठी आहे. ॲक्सिडेंटनंतर मला लोकांनी खूप मदत केली, सगळ्यांचे उपकार आहेत, पण मदत करता करता लोक निर्णयही करून टाकतात, आणि मीही हो म्हणून टाकतो कारण समोरचा एवढं करतोय. तू विचारलंस. मी बोल्ट उघडला, गोळी काढून खिशात टाकली, आणि तू म्हातार्‍यांना चहा विचारायला गेलास. तो नर अर्धा तास तसाच उभा होता. तुला आठवत असेल.

पाचव्या दिवशी सकाळी जो दिसला तो तूच शोधलास. म्हाताऱ्यांच्या आधी! "ते बघ, दगडाला शिंग आहे." म्हातारा, एकटा, शिंगांची टोकं घासून बोथट झालेली, वर्षांची वलयं स्पॉटिंग स्कोपमधून मोजता येत होती, निदान नऊ. ओढ्याच्या कडेने मला ढकलत, चार ठिकाणी खुर्चीसकट उचलत दोनशे ऐंशी यार्डांवर नेलंत. खुर्ची वाळूत डगमगत होती, श्वास घेतला तरी क्रॉसहेअर डोंगरभर फिरत होतं. तेव्हा तू मागे जाऊन खाली बसलास, चाकांना पाठ लावलीस, टाचा वाळूत रोवल्यास. खुर्ची थांबली. मी मागे वळून बघितलं नाही, पण नंतर एक म्हातारा म्हणाला की तुझे डोळे मिटलेले होते.

एकच गोळी लागली. तो चार पावलं गेला आणि घळीत घसरला.

मला वाटलं आता हे लोक वर जातील आणि मी इथून दुर्बिणीतून बघीन, मी मनाने ते मान्य करून टाकलं होतं. तू गाडीतून स्लिंग आणि मॅट काढलीस. कॉलेजात असताना सह्याद्रीत जखमी माणूस पाठीवर बांधून खाली आणायचं शिकला होतास म्हणे, इथे वर न्यायचा होता. मॅट माझ्याखाली, पट्टे तुझ्या खांद्यावरून, एक म्हातारा पुढे वाट शोधत, एक मागून माझे पाय धरून. जेमतेम दोनशे मीटरला एक तास लागला. तुझ्या मानेचा घाम माझ्या गालाला लागत होता आणि मध्येच धापा टाकत म्हणालास, "रोज रात्री भात कमी खा."

मी त्या शिंगांना हात लावला. किती वेळ बसलो माहीत नाही. तू लांब उभा होतास, पाठ करून, आणि मी काही बोलणार नव्हतोच. मग म्हातारे कापायला बसले, इथे खाण्यालायक मांस टाकून देणं गुन्हा आहे, त्यामुळे सगळं खाली न्यायला लागतं, आणि आधी मला खाली सोडून तू परत वर गेलास. आल्यावर तुझी ट्रेकची सॅक भरलेली होती. मी म्हटलं, अरे, तू कशाला. तू म्हणालास, "मारलाय ना आता, मग नीट नेऊया."

परतीच्या वाटेवर पाण्याचा टँकर दिसला, उन्हाळ्यात जनावरांसाठी तिथे पाणी नेऊन टाक्या भरतात, आणि मला आमच्या माणातले टँकर आठवले, रांगेतले हंडे आठवले. तुला सांगणार होतो पण तू झोपला होतास, तोंड उघडं.

नंतर खात्याच्या ऑफिसात शिंगं मोजली, शिंगात नंबराचं प्लग ठोकलं. तिथल्या बाईने विचारलं, गाइड कोण होता? मी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि तू म्हणालास, "नो नो, आय ॲम व्हेजिटेरियन."

शनिवारी ये. पिठलं, भाकरी, ठेचा, पातेली वेगळी, चमचेसुद्धा नवे आणलेत, वहिनींना तसं सांग. तुझी सॅक मी तीनदा धुतलीय, अजून वास येतो, नवीन घेऊन देतो म्हटलं तर भांडू नकोस. आणि कंगवा माझ्याकडेच राहिलाय, खुर्चीच्या खिशात. तो देणार नाही.

तुझाच,
खुर्चीवाला