चारही टायर, आणि स्टेपनी पण

बाळ्या,

काल फोनवर मी बर्फातल्या प्रवासाआधी विंटर टायर घे म्हटलं, तर तू "आई, फोर बाय फोर आहे ती, काही होत नाही" म्हणून विषयच संपवलास, आणि मागून सूनबाईचा आवाज येत होता म्हणून मी पण ताणलं नाही. तिच्यासमोर तुला बोलायचं नव्हतं. म्हणून आता लिहितेय. नीट वाच, वरवर बघून खाली सरकू नकोस.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना, गाडी निघते मस्त, हे मला कळतं रे. बर्फातून, चिखलातून, कुठूनही निघेल. पण ब्रेक तर साध्या गाडीला पण चारही चाकांना असतात ना, मग थांबायच्या वेळी तुझी फोर बाय फोर वेगळं काय करणार? तिथे सगळं टायरवर असतं. तू निघशील याची मला काळजी नाहीच, थांबशील का एवढंच विचारतेय.

ते रुंद ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांचे टायर टाकलेस त्याचा फोटो आला तेव्हा मी आत्याला लगेच दाखवला, म्हटलं बघ, माझ्या मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेला ट्रक आहे. रुबाबदार दिसतोच तो. पण रुंद टायर बर्फावर चढून बसतो आणि अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्याला जाऊन लागतो, म्हणून गाडीच्या पुस्तकात जी मापं चालतात असं दिलंय त्यातलं अरुंद माप हिवाळ्याला घ्यायचं. "नक्षी भरपूर आहे अजून" म्हणालास. असेल की. पण साधारण 7 अंशांच्या खाली गेलं की साधं रबर कडक व्हायला लागतं, मग नक्षी कितीही असो, धरणार काय? विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, पकड त्यांची असते. आणि विंटर टायर पण झिजून नक्षी 4 मिलिमीटरच उरली की बर्फात त्याचा भरवसा नाही, कायदा काही का म्हणेना.

टायरवर एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, लिहिलंय हे पण सांगितलंस. ते नुसतं नक्षीवरून कंपनीच लिहिते, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तर चाचणी झालेली असते. काही ऑल-टेरेनवर पण असतं ते, तुझ्यावर आहे का बघ. पण ती चाचणी पण दाबलेल्या बर्फावरची, रस्त्यावर पाणी गोठून जो काळा थर होतो, दिसत पण नाही, त्याच्यावरची नाही. म्हणजे आलो परत तिथेच. थांबेल का.

तुझ्या बाबांच्या गाड्यांचं टायरचं रजिस्टर मी लिहायचे हे तुला माहितीये. कुठला टायर कुठल्या चाकाला, कधी चढवला, कधी रिमोल्ड केला, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवलं. मला ते नुसते आकडे वाटायचे. मग एकदा हिवाळ्यात ते घाट उतरून आले आणि घरात न येता गाडीतच बसून राहिले बराच वेळ. विचारलं तर काही नाही म्हणाले. सांगितलं ते किती वर्षांनी, तू शाळेत जायला लागल्यावर. उतार होता, गाडीत माल भरलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, चाकं जागच्या जागी गच्च थांबलेली आणि गाडी आपली हळूहळू खाली चाललीये. आवाज नाही, काही नाही. शेवटी कडेच्या मातीच्या ढिगाला टेकली. तू पोटात होतास तेव्हा. हे तुला कधी सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं, पण आता ते काही मला रागावू शकत नाहीत.

असो. लेक्चर झालं, सॉरी. मोठा झालायस, तुझी गाडी, तुझे पैसे, मला कळतं.

पण घेशील तर चारही घे. दोनच घेऊन मागे टाकलेस तर वळणावर पुढचं टोक सरळ निघून जातं, पुढे टाकलेस तर ब्रेक मारल्यावर मागचं फिरून पुढे येतं. मागच्या हौद्यात दोघांचं सामान भरणार, नंदू येणार असेल तर त्याचं पण, तेव्हा लोड इंडेक्स बघ, टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. 121 लिहिलं असेल तर एका टायरला 1450 किलो, तुझ्या गाडीला किती लागतो ते दरवाजाच्या आतल्या स्टिकरवरून आणि पुस्तकातून काढ. जुना स्टॉक गळ्यात मारतात, म्हणून साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, तारखेचे चार आकडे वाच, 3422 म्हणजे 2022 चा चौतिसावा आठवडा. हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी बघायची. दर साडेपाच अंशांना साधारण 1 पीएसआय उतरते, म्हणजे घरी उबेत भरलेली हवा तिकडे उणे वीसमध्ये 6-7 ने कमी भरेल, आणि तू म्हणशील पंक्चर आहे. खिळेवाल्या टायरचं विचारत होतास, गोठलेल्या रस्त्यावर तेच सगळ्यात चांगले पण सगळीकडे परवानगी नसते, आधी चौकशी कर. बर्फासाठी चाकांना बांधायची चेन घेतलीस तर एकदा घरीच उजेडात चढवून बघ. आणि टायर चढवून त्याच दिवशी निघू नकोस, शंभरेक किलोमीटर चालव, नट परत आवळ, मग जा.

रात्री चालवू नका. हे टायरचं नाही, तरी लिहिते. आणि पुढच्या गाडीपासून लांब, तुला वाटतं त्याच्या दुप्पट लांब, कारण ब्रेक दाबला म्हणजे थांबलो असं नसतं रे. हे झालं ना आधीच सांगून. हो, झालं.

सूनबाईला सांग मी रागावले नाहीये. उद्या चारही टायरच्या साइडवॉलचे फोटो पाठव, आकडे वाचता येतील असे. स्टेपनीचा पण.

आई