पडद्यावरच्या घरात बहीण नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चित्रपट आणि दिव्यांगत्वावरचा लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. लेखिकेने मेहनत घेतली आहे, ‘कोशिश’पासून ‘सितारे जमीन पर’पर्यंत सगळं आलं आहे. पण ‘त्यागमूर्ती आई’ हे शब्द लेखात चार वेळा आहेत आणि ‘भावंडं’ हा शब्द एकदाही नाही. मी मोजलं.

माझा धाकटा भाऊ ५४ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांग. आई २०१७ साली गेली, तेव्हापासून तो माझ्याकडे असतो. एक दिवसाआड त्याची दाढी मी करते. रेझर हनुवटीखाली गेला की तो श्वास रोखून धरतो, मग मीही रोखते. कौतुक व्हावं म्हणून हे सांगत नाही. पन्नाशीतल्या भावाची दाढी करणारी बहीण मी सिनेमात अजून पाहिलेली नाही, म्हणून सांगते.

‘चौकट राजा’ १९९१ साली आला. त्यात बौद्धिक दिव्यांग नंदू झालेल्या दिलीप प्रभावळकरांच्या कामाबद्दल कुणाचंच दुमत नसेल, माझंही नाही. आई, भाऊ आणि मी तिघं पाहायला गेलो होतो. सगळं थिएटर रडत होतं. मध्यंतरात पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईंनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “धन्य आहात तुम्ही.” भाऊ समोरच बसला होता, त्याच्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात गल्लीतली पोरं त्याला ‘नंदू, ए नंदू’ म्हणून हाका मारायला लागली. माझ्या भावाचं नाव नंदू नाही. तोपर्यंत पोरं चिडवायची, दगडही मारायची, पण हाक त्याच्या नावाने मारायची. मोठी माणसंही प्रेमाने का होईना, नंदूच म्हणू लागली. थोड्या दिवसांनी तो त्या हाकेला ओ द्यायला लागला. आई त्या दिवशी जेवली नाही. तिला ‘धन्य’ म्हणणाऱ्या बाईंना हे कधीच कळलं नसणार.

सिनेमातल्या नंदूचं असं होण्यामागे लहानपणचा अपघात आहे. प्रेक्षकाला कारण मिळालं, विषय संपला. आमच्या घरी कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे नातेवाइकांनी आपापलं शोधून काढलं. ग्रहणात भाजी चिरली, हे त्यातलं सगळ्यांत टिकाऊ. आईने ते शेवटपर्यंत मनातून काढलं नाही. आणि मला स्थळं येऊ लागली तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत विचारलं जायचं, “रक्तात आहे का हो तुमच्या?” पहिली सहा स्थळं आली तेव्हा भावाला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं. सातव्या वेळी मी आईला म्हटलं, बसू दे त्याला इथेच. तो बसला, पाहुण्यांना नमस्कारही केला. नकार दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतर मी दाखवून घेणं बंद केलं. त्याचं मला दुःख नाही. भावाला लपवलं त्या सहा वेळांचं आहे.

घर कसं दाखवावं हे गुलजारांनी १९७२ सालीच ‘कोशिश’मध्ये दाखवलं होतं. मूकबधिर आईबापांचं पहिलं बाळ रात्री उघड्या दारातून रांगत बाहेर जातं आणि त्यांना त्याचं रडणं ऐकू येत नाही. दुसरं बाळ खुळखुळ्याकडे वळत नाही म्हणून दोघं धास्तावून डॉक्टरकडे धावतात, तर खुळखुळाच रिकामा निघतो. मोठा झाल्यावर तोच मुलगा बापाने सुचवलेल्या मूकबधिर मुलीशी लग्नाला नकार देतो. भीती, लाज, राग सगळं त्या घरात आहे. लेखात या सिनेमाच्या वाट्याला एक वाक्य आलं.

‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’ हे वाक्य पडद्यावर हमखास येतं, मागे व्हायोलिन वाजतं आणि दृश्य बदलतं. पुढचं कुणी दाखवत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आईला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती गेल्यावर एका बँकेत भावाला उभं करून “यांना सही येते का?” असं मलाच विचारलं, तेव्हा समजलं. आईने आयुष्यात कायद्याचं पुस्तक उघडलं नाही, पण सिनेमे पुष्कळ पाहिले. एखाद्या सिनेमात तो अर्ज दिसला असता तर तिने नक्की भरला असता.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात सांगितलं आहे की दिव्यांग व्यक्तिरेखा रंगवताना दिव्यांगांनाच सोबत घ्या. सिनेमाच्या लेखकांनी आमच्या घरीही यावं. चहा देईन आणि सहा स्थळांची गोष्ट सांगेन.

जाता जाता, त्या लेखातल्या फोटोखाली ‘मतिमंदत्वाच्या आजाराने ग्रस्त’ असं छापलं आहे. हा आजार नाही. भावाला गेल्या महिन्यात सर्दी झाली होती, तो आजार होता. ‘मतिमंद’ हा शब्दही जुना झाला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ आहे. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी.

नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली