फाटकावर कॅमेरे आणि वायर मोकाट : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या एका अनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर संगणक शिकवणाऱ्या बाईचं पत्र वाचायला आपल्याला सवड मिळणं कठीण, याची कल्पना आहे. तरी लिहिते. परवा माझ्या हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस पडली आणि तिचं उत्तर लिहायला बसल्यावर लक्षात आलं की यातली निम्मी कारणं माझ्याकडे नाहीतच. ती आपल्याकडे आहेत.

घडलं ते असं. 12 जानेवारीला आमच्याकडे चार हुतात्म्यांना अभिवादन असतं. 1931 साली या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्यानिमित्त सातवीची मुलं तक्ते करतात. लॅबमध्ये संगणक वीस, चालू अकरा, एकेकावर तिघं-चौघं. एका गटातली मुलगी कुर्बान हुसेन यांचा फोटो शोधत होती. चित्रावर क्लिक केलं, कुठलंसं पान उघडलं, त्यावर पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात आली. ती बंद करायला तिने फुलीवर क्लिक केलं, तर दुसरीच खिडकी उघडली. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. व्हिडिओ होता, आणि स्पीकर चालू होता, कारण आधीच्या तासाला मराठीच्या बाईंनी कविता ऐकवली होती. बाकं ओलांडून मी मेन स्विच पाडेपर्यंत अख्ख्या वर्गाने ऐकलं. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली. ती मुलगी मात्र बंद पडलेल्या संगणकाचा माऊस घट्ट धरून बसली होती आणि एवढंच म्हणत होती, “बाई, मी नाही केलं. बाई, मी नाही केलं.”

संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला की संगणकाच्या बाईंनीच घाण दाखवली. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी चाळीसेक माणसं. आमच्याकडचे पालक कोण, तर यंत्रमागावर पाळी करणारे बाप आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आया. दिवसाची मजुरी बुडवून आले होते, म्हणजे किती संतापले असतील बघा. एक आई म्हणाली, “शाळेत हेच शिकवणार असाल तर पोरगी घरी बसून विड्या वळेल, चार पैसे तरी येतील.” साहेब, त्या एका वाक्यात ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चे आमच्या गल्लीतले सगळे फलक खाली आले. ती मुलगी अजून शाळेत आलेली नाही. तिच्याबद्दल नोटिशीत एक अक्षर नाही. नोटिशीत आहे माझा ‘निष्काळजीपणा’ आणि संस्थेची ‘बदनामी’.

आता माझ्या निष्काळजीपणाचा हिशेब घ्या.

लॅबचं उद्घाटन झालं तेव्हा फीत कापायला आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं होतं, “तीन महिन्यांत या शाळेला सुरक्षित इंटरनेट मिळेल, हा माझा शब्द.” टाळ्या मी पण वाजवल्या. शाल-श्रीफळ घेऊन पाहुणे गेले. त्यानंतर दर जानेवारीतली गड्ड्याची जत्रा दोनदा भरली आणि उठली, शब्द काही आला नाही. मी अर्ज केले. मुख्याध्यापकांनी वर पाठवले, वरच्यांनी आणखी वर. एक अर्ज ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत आला. गंमत म्हणजे त्या अर्जात मी निधी मागितलाच नव्हता. मागितला होता राउटरचा पासवर्ड.

हो, पासवर्ड. जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. घाणेरड्या साइट अडवायला लाखो रुपये लागतात हा समज विक्रेत्यांनी पसरवलेला आहे. कुठल्याही साइटचं नाव टाकलं की संगणक आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, ही साइट कुठल्या पत्त्यावर आहे? पत्ताच मिळाला नाही तर साइट उघडत नाही. असे गाळून पत्ते देणारे सर्व्हर जगात फुकट आहेत. क्लाउडफ्लेअरने 2020 मध्ये कुटुंबांसाठी असा सर्व्हर सुरू केला, त्याचा आकडा 1.1.1.3. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर आहे, तो अश्लील साइट अडवतो आणि गूगल-यूट्यूबलाही सुरक्षित शोधावर बांधून ठेवतो. त्याचा आकडा 185.228.168.168. राउटर उघडायचा, डीएनएसच्या रकान्यात हा आकडा भरायचा, सेव्ह करायचं. चहा गार व्हायच्या आत काम होतं. खर्च शून्य.

पण आमचा राउटर बसवला ठेकेदाराच्या माणसाने. पासवर्ड त्याच्याकडे. ठेका संपला, माणूस पुण्याला गेला, फोन लागत नाही. राउटर पार कोरा करून पुन्हा मांडायचा तर इंटरनेट जोडणीची माहितीही त्याच्याचकडे. शाळेच्या इंटरनेटची किल्ली शाळेकडे नाही आणि कुलूप उघडं राहिलं म्हणून जाब मला! मग मी प्रत्येक संगणकावर बसून तो आकडा हाताने भरला. पोरांनी आठवड्यात काढून टाकला, कारण सगळे संगणक ॲडमिनच्या, म्हणजे कुणालाही काहीही बदलू देणाऱ्या, खात्यावर चालतात. खाती वेगळी करायची तर बिलाला चिकटवलेल्या ‘दुरुस्ती करारा’नुसार सेटिंगला हात लावायची मला परवानगी नाही. या सगळ्यात माझा निष्काळजीपणा नेमका कुठे बसतो, ते आपल्याच कुणा अधिकाऱ्याने दाखवून द्यावं.

विकतच्या मार्गाचंही ऐका. मी एका विक्रेत्याकडून फायरवॉलचं, म्हणजे नको ते वाटेतच अडवणाऱ्या यंत्राचं, दरपत्रक आणलं. यंत्राचे पाऊण लाख, परवान्याचं दर वर्षी नूतनीकरण वेगळं, आणि वर 18 टक्के जीएसटी. मुलांना घाणीपासून वाचवण्यावरही सरकारला आपला वाटा हवाच. शिवाय त्या गृहस्थाला प्रत्येक मुलाचं नाव आणि पालकांचा मोबाइल नंबर हवा होता, ‘सिस्टीमला लागतो’ म्हणून. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, “मॅडम, एवढं कोण बघतंय?” बरोबर बोलला.

जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, हजाराच्या वर असेल तर एक लाख. त्यातच खडू, वीजबिल, झाडू आणि गळकं छप्पर. यातून पाऊण लाखाचं यंत्र घ्यायचं? (आमच्यासारख्या अनुदानित शाळांच्या वेतनेतर अनुदानाची रडकथा वेगळी, ती पुन्हा केव्हातरी.) राज्यात लाखाच्या वर शाळा आहेत. निम्म्यांत इंटरनेट धरा आणि प्रत्येकीला असं यंत्र घ्या, पावणेचारशे कोटी होतात. हिशेब वहीच्या मागच्या पानावर केलाय, चुकत असेल तर अर्थखात्याने दुरुस्त करावा. माझं म्हणणं इतकंच की एका बाजूला पावणेचारशे कोटी, दुसऱ्या बाजूला एक आकडा आणि एक पासवर्ड, आणि आमच्या नशिबी दोन्ही नाही.

फुकटातला मार्ग म्हणजे रामबाण, असंही मी म्हणत नाही. तो जुगाराच्या जाहिराती अडवत नाही. केंद्राने 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला, पण त्या जाहिराती करणाऱ्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. फिल्टरला बगल देणारं व्हीपीएनचं ॲप आठवीच्या पोराला माझ्यापेक्षा चांगलं लावता येतं. कुणी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की राउटर नुसता बघत बसतो. आणि शब्द बघून अडवणारे फिल्टर मुख्यत्वे इंग्रजीवर पोसलेले. आमची पोरं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्यांत शोधतात, आणि तेही इंग्रजी अक्षरांत टाइप करून. उलट कधीकधी फिल्टर इतका सोवळा होतो की दहावीच्या मुलीला पाळीबद्दलची माहितीही उघडत नाही. म्हणून यंत्रापाशी माणूस लागतो, अडवलेलं योग्य उघडणारा आणि उघडं राहिलेलं बंद करणारा. पूर्वी केंद्र सरकारच्या आयसीटी (शाळांत संगणक शिक्षण) योजनेत शाळाशाळांत करारावर संगणक शिक्षक नेमले होते. पाच वर्षांचा करार संपला, शिक्षक घरी गेले, संगणक शाळेत राहिले. संगणक जुने झाले म्हणून रडता येतं, माणूस काढला म्हणून कुणी रडलं नाही. मी त्यांच्या जागी, तासावर. मे महिन्यात माझी कमाई शून्य असते. दिवाळीतही तासच नसतात, मग पैसे कुठले! या पैशांत मी शिकवायचं, संगणक दुरुस्त करायचे, ऑनलाइन माहिती भरायची आणि आता सायबर सुरक्षेची जबाबदारीही घ्यायची. नोटिशीपासून झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, सोड ती शाळा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायला जा, निदान महिन्याचा पगार तरी ठरलेला असेल. खरं सांगायचं तर त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही.

आपल्या सरकारला घाई करता येत नाही असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि लगेच शासन निर्णय निघाला, महिनाभरात सगळ्या शाळांत सीसीटीव्ही. हवेतच ते, माझा विरोध नाही. आमच्या फाटकावर दोन आहेत. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, सगळं दिसतं. लॅबच्या खिडकीतून आत येणाऱ्या वायरीवाटे रोज कोण येतं-जातं, ते विचारणारा शासन निर्णय निघायला कुणी रुळावर बसायचं? सोलापूर स्टेशन शाळेपासून फार लांब नाही, तेवढं सांगून ठेवते.

अमेरिकेत 2000 सालीच कायदा झाला. शाळेला इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर फिल्टर लावल्याशिवाय ती मिळत नाही. पैसे देणाऱ्यानेच अट घातली. इथे संगणक देणारा वेगळा, वायर टाकणारा वेगळा, वीजबिल भरणारा वेगळा, आणि अट घातली जाते ती फक्त फोटोची. उद्घाटनाचा फोटो, पोषण आहाराच्या खिचडीचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो. फेब्रुवारीत सुरक्षित इंटरनेट दिन येतोय. तो साजरा करून फोटो टाका, असा निरोप आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आलाही. लॅबला सध्या कुलूप आहे, म्हणून आम्ही पोस्टर धरून व्हरांड्यात उभे राहणार आहोत. चालेल ना? शिक्षकाला निवडणुकीच्या याद्या द्या, सर्वेक्षणं द्या, ॲपमागून ॲप द्या, आणि उरलेल्या वेळात देशाचं भवितव्य घडवायला सांगा. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यावर कधी खुलं पत्र लिहिलं नाही, कारण पाणी साठवून ठेवता येतं. बारा वर्षांची मुलगी जे पाहून बसली, ते कशात साठवायचं?

मागणं थोडं आहे. पुण्यात सी-डॅक आहे, ज्यांनी देशाचा महासंगणक बांधला. शाळांसाठी एक गाळणारा डीएनएस सर्व्हर त्यांच्याकडून चालवून घ्या, ज्याला मराठी कळतं आणि आमच्या भागातली तेलुगू-कन्नडही. त्याचा आकडा प्रत्येक मुख्याध्यापकाला लेखी पाठवा. कुठल्याही ठेकेदाराचं शेवटचं बिल राउटरचा पासवर्ड शाळेच्या हातात दिल्याशिवाय निघणार नाही, असा एका ओळीचा आदेश काढा. त्याला निधी लागत नाही, सही लागते. प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक तंत्रज्ञ द्या, बारा महिने पगार मिळणारा. केंद्रप्रमुखांच्या गाडीतून तो महिन्यातून एकदा फिरला तरी पुरे. आणि असं काही घडलं तर त्या मुलीशी नीट बोलायला एखादी समुपदेशक पाठवा. नोटीस तिच्यानंतर आली तरी चालेल. सायबर तक्रारीचा 1930 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन आकडे मी लॅबच्या दारावर स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. तेवढं माझ्या अधिकारात होतं.

नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे, त्यातले तीन गेले. या पत्राची प्रत मी त्या उत्तराला जोडते आहे. राउटरच्या पासवर्डसाठी अर्ज नेमका कुठल्या कार्यालयात, कुठल्या नमुन्यात आणि कुणाच्या नावाने करायचा, एवढं तरी आपल्या कार्यालयाने उलटटपाली कळवावं.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका (तासिका तत्त्वावर, तूर्त तरी)
सोलापूर